लेस नाही, बक्कल नाही. मग इलॅस्टिकचा बूट पायात टिकतो कसा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी लागतो आणि त्यापुढच्या प्रत्येक जोडावर १८ टक्के. म्हणजे २५०० रुपये मूळ किमतीचा जोड करासह २६२५ला पडतो आणि २६००चा थेट ३०६८ला. शंभराच्या फरकाचे ४४३ होतात. साहजिकच आपला जोड या रेषेच्या अलीकडे बसवण्याची कारखानदारांची धडपड असते. पणजी-मडगावच्या दुकानांत घोट्यापर्यंतचे, दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असलेले बूट (त्यांना चेल्सी बूट म्हणतात) शेजारी-शेजारी मांडलेले असतात. त्यातला एक रेषेच्या आतला, तर दुसरा तिप्पट-चौपट किमतीचा. लांबून दोन्ही सारखेच. पैसे कुठे वाचवले आणि कुठे घातले हे कळायचे तर बूट आतून कसा बनतो ते पाहावे लागते. गोव्यातल्या गिऱ्हाइकाला तर त्याची जास्तच गरज, कारण कुठे काटकसर झाली ते इथल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत उघडे पडते.

आधी टेप घ्या आणि पाय मोजा

टाचेच्या मागच्या टोकाखालून टेप घालून ती पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून फिरवा. प्रौढ पुरुषाचा हा घेर साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर भरतो. आता घोट्याच्या वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथे मोजा: २२ ते २५. बुटापुढचा सगळा पेच या दोन आकड्यांत आहे. आधी ३३चा घेर आत जाऊ द्यायचा आणि पाय आत गेला की २४-२५वर बंद व्हायचे.

लेसचा बूट हा पेच उघडून सोडवतो. लेस सैल केली, जीभ पुढे ओढली की तोंड मोठे होते. इलॅस्टिकच्या बुटाला उघडायला काही नाही. पाय तिरका करून, बोटे खाली वळवून आपण तो आत सरकवतो, म्हणून दोन आकड्यांमधला सगळा फरक काही भरून काढावा लागत नाही. तरी दोन पट्ट्यांनी मिळून काही सेंटिमीटर द्यावेच लागतात.

इथेच बहुतेकांचा गैरसमज होतो. इलॅस्टिक पाय धरून ठेवते असे वाटते. तसे नाही. इलॅस्टिकचे काम पाय आत घेणे आणि मग वाट बंद करणे, एवढेच. चालताना पाय धरून ठेवते ते पावलाच्या उंचवट्यावर बसलेले चामडे. ते तिथे नीट बसले नसेल, तर पट्टी कितीही घट्ट असो, प्रत्येक पावलाला टाच वर सरकणार. लेसच्या बुटात माप थोडे चुकले तर दोरी ओढून भागते. इथे ती सोय नाही, म्हणून सगळा निकाल बूट बनतानाच लागतो.

हा प्रकार तसा जुना. रबर गंधकासोबत तापवले की ते उन्हाळ्यात चिकट होत नाही आणि थंडीत कडक होत नाही. या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयरला १८४४मध्ये मिळाले. टिकाऊ रबराशिवाय टिकाऊ इलॅस्टिक शक्य नव्हते. लंडनमध्ये असे बूट आणण्याचे श्रेय राणी व्हिक्टोरियाचे बूट बनवणाऱ्या स्पार्क्स-हॉल यांना दिले जाते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांनी ते उचलले. तिथल्या आर. एम. विल्यम्स कंपनीचे चामड्याच्या एकाच तुकड्याचे बूट आजही प्रसिद्ध आहेत.

चामड्याचा सगळा भाग सारखा नसतो

बुटाचा वरचा भाग म्हणजे अप्पर. चेल्सी बुटाच्या अप्परमध्ये पुढचा तुकडा, मागचा तुकडा, मधे दोन इलॅस्टिकच्या पट्ट्या, आतून अस्तर आणि मागे ओढायची कडी, एवढेच असते. पुरुषाच्या एका जोडाला कापणीतली नासाडी धरून साधारण तीन ते चार चौरस फूट चामडे लागते. नेहमीच्या बुटासाठी ते १.२ ते १.६ मिलिमीटर जाडीचे घेतात, कामाच्या दणकट बुटासाठी २ मिलिमीटरच्या आसपास. अस्तराला ०.८ ते १ मिलिमीटर पुरते.

जनावराच्या पाठीकडचे चामडे घट्ट आणि एकसारखे असते, पोटाकडचे सैल आणि ताणणारे. पुढचा तुकडा पाठीकडूनच काढायला हवा आणि तोही असा, की चामडे टाचेपासून बोटांकडे कमी ताणेल आणि आडवे जास्त. उलटे कापले तर बूट महिन्याभरात लांब होतो आणि चवड्यापाशी खोल सुरकुती पडते. डाव्या-उजव्या पायाचे तुकडे कातड्याच्या शेजारच्या भागांतून काढतात, म्हणजे रंग आणि पोत जुळतो. गोचिडीचे डाग, काट्याचे ओरखडे, शिरांच्या रेषा चुकवत जायचे, म्हणून चांगला कापणारा दिवसभर कातडे आधी हाताने चाचपतो आणि मग साचा ठेवतो.

लेसच्या बुटात डाग असलेला तुकडा जिभेखाली लपतो. चेल्सीत लपवायला जागाच नाही. एकाच तुकड्याच्या बुटात तर हातभर निर्दोष चामडे हवे. एक ओरखडा निघाला की सगळा तुकडा बाद. महागाईचे पहिले कारण हे. स्वस्त जोडात मग चामड्याचा वरचा थर घासून त्यावर रंगाचा जाड लेप देतात, किंवा खालच्या थरावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवतात. दुकानात तो गुळगुळीत आणि देखणा दिसतो. चवड्यापाशी रोज वाकून वाकून पुढे त्याचे पोपडे निघतात.

सपाट चामड्याला वळण कसे येते

या बुटाच्या घडणीतली सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. पावलावरून पोटरीकडे जाताना पाय जवळजवळ काटकोनात वळतो. चामडे मात्र सपाट. पानाचा द्रोण करताना सपाट पान खोलगट करायचे तर कुठेतरी घडी घालून काडी टोचावीच लागते. घडी नको असेल तर पानच ताणले जायला हवे. पान ताणत नाही, फाटते. चामडे ताणते आणि नेमका त्याचाच फायदा इथे घेतात.

पुढचा तुकडा पाण्यात भिजवून मऊ करतात. मग काटकोनात वळलेल्या फळीवर तो मधोमध ठेवून दोन्ही बाजूंनी पकडीने ओढतात. वळणाच्या आतल्या बाजूला चामडे गोळा होते, सुरकुत्या पडतात. त्या बोथट हाडाने किंवा लाकडाने घासत बाहेर ढकलायच्या, पुन्हा ओढायचे आणि कडेला बारीक चुका (छोटे खिळे) ठोकायच्या. सगळ्या सुरकुत्या एका ओढीत जात नाहीत. मग तुकडा सावलीत सुकू द्यायचा, पुरता सुकेपर्यंत. सुकल्यावर चुका काढल्या तरी चामडे तो वाक सोडत नाही. त्यानंतरच नमुना ठेवून कडा कापतात, कारण ओढताना तुकड्याचे माप बदललेले असते. आधी अचूक कापून नंतर वळवले तर दोन पाय जुळत नाहीत.

कारखान्यात हेच काम यंत्राच्या तापलेल्या पात्यांमध्ये मिनिटभरात होते. चामडे चांगले असेल तर निकाल ठीकच येतो. पण अर्धवट वळवलेला किंवा न वळवताच शिवलेला बूट ओळखता येतो. उभे राहिल्यावर पावलाच्या वरच्या वाकात आडव्या घड्यांचा गठ्ठा दिसतो आणि चामडे तिथे पावलाला टेकतच नाही. पाय धरून ठेवणारी जागाच निकामी झालेली असते. दुकानदार सांगतो, ‘वापरून बसेल.’ ते बसत नाही.

इलॅस्टिकची शिवण

बुटाचे इलॅस्टिक हे परकराच्या नेफ्यात घालतात तसले नव्हे. रबराच्या किंवा इलॅस्टेनच्या (ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या) बारीक तारांवर सुती किंवा पॉलिएस्टर धाग्याचे वेढे देऊन ते घट्ट विणलेले असते. ते एकाच दिशेने ताणते. ती दिशा बुटात पुढून मागे यायला हवी. पट्टी आडवी-उभी चुकली तर तोंड उघडतच नाही.

चामड्याच्या कडा आधी तासून अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ करतात, म्हणजे दुमडल्यावर तिथे जाड कंगोरा होत नाही. चामडे पट्टीवर आठ-दहा मिलिमीटर चढवतात आणि दोन समांतर शिवणी घालतात, सेंटिमीटरला तीन-चार टाके. टाके याहून दाट घातले तर सुई चामड्याला भोकांची रांग पाडते आणि ओढ बसली की चामडे त्याच रेषेवर फाटते. विरळ घातले तर पट्टी टाक्यांमधून निसटते.

सुईचे टोक हा आणखी एक भाग. चामड्याच्या सुईला धार असते, ती कापत जाते. तीच सुई इलॅस्टिकमध्ये घातली तर रबराच्या तारा तुटतात. त्या दिवशी काही दिसत नाही, पण काही आठवड्यांत शिवणीलगत पट्टी लाटांसारखी ढिली पडते आणि रबराचे पांढरे केस बाहेर येतात. म्हणून इथे गोल टोकाची सुई वापरतात. शिवताना पट्टी ताणायचीही नाही, नाहीतर ती सुटल्यावर चामडे चुण्या धरते.

सगळ्यात जास्त ओढ पट्टीच्या खालच्या टोकावर येते. टोक अणकुचीदार असेल तर ओढ एका टाक्यावर एकवटते, गोल असेल तर वाटली जाते. चांगल्या बुटात या टोकाखाली आतून नायलॉनची फीत चिकटवलेली असते आणि वरून दोन-चार आडवे टाके घातलेले असतात. मागची कडीही शिवणीत खोल गेलेली हवी. नुसती कडेला अडकवलेली कडी सगळ्यात आधी हातात येते.

फर्म्यावर चढवणे

फर्मा म्हणजे पावलाच्या आकाराचा लाकडी किंवा प्लास्टिकचा ठोकळा. चेल्सीचा फर्मा लेसच्या बुटाचा घेऊन चालत नाही. उंचवट्यावर तो नेमका हवा, कारण नंतर आवळायला काही नाही. फर्म्याच्या तळाला आतला तळवा ठोकतात, वर अप्पर चढवतात, बोटांपाशी आणि टाचेत अस्तराआड कडक पट्ट्या घालतात. मग पकडीने अप्परची खालची दीड-दोन सेंटिमीटर कड तळाखाली ओढून चिकटवतात किंवा ठोकतात: आधी बोटांकडून, मग बाजू, मग टाच. ओढताना इलॅस्टिक ताणले जाऊ नये म्हणून ते टाके किंवा पट्टी घालून तात्पुरते बांधून ठेवतात. ही काळजी घेतली नाही तर बूट फर्म्यावरून उतरतो तोच तोंड वासून.

हाताने बनवणारे बूट फर्म्यावर आठवडाभर किंवा जास्तही ठेवतात. कारखाना तेच काम गरम आणि थंड हवेच्या कप्प्यांत तासाभराच्या आत उरकतो. आकार दोन्हीकडे येतो. पण घाईने आलेला आकार पहिल्या भिजण्यात थोडा ढळतो.

सोल: किमतीचा मोठा हिशेब इथे

सोल लावण्याच्या चार रीती गिऱ्हाइकाने ओळखायला हव्यात.

पहिली चिकटवण्याची. अप्परचा तळ खरवडून, पीयू (पॉलियुरेथेन) चिकटद्रव्य लावून, सुकवून, साधारण ६० ते ७० अंशांवर तापवून यंत्रात दाबतात. खरवडणे नीट झाले तर सोल वर्षानुवर्षे सुटत नाही. आपल्याकडे जूनमध्ये हमखास सुटतात त्यांत खरवडणे अर्धवट असते, किंवा चिकटद्रव्यावर दमट हवेतले बाष्प बसल्यावर दाबलेले असते. रस्त्याकडेला पावसात चिकटवून घेतलेला सोल आठवड्यात सुटतो तोही याच कारणाने.

दुसरी साच्यात ओतण्याची. अप्पर साच्यात धरून खाली दोन द्रवांचे मिश्रण सोडतात, ते फुगते आणि काही मिनिटांत घट्ट होते. हा पीयूचा सोल. हलका, मऊ, स्वस्त. पण एकदा झिजला की बदलणे अवघड.

तिसरी ब्लेक शिवण. आतला तळवा, अप्पर आणि बाहेरचा सोल एकाच शिवणीत. बूट सडपातळ दिसतो, पण भोके थेट आत जातात आणि ओल्या रस्त्यावर पाणी त्यांतून वर चढते. आत हात घातला तर तळव्यावर टाके लागतात.

चौथी गुडइयर वेल्ट. अप्पर आणि आतला तळवा यांना कडेने चामड्याची एक पट्टी शिवतात आणि सोल त्या पट्टीला शिवतात. मधल्या पोकळीत बुचाचे लाकूड भरतात. सोल झिजला की पट्टीची शिवण उसवून नवा लावता येतो, अप्परला हात लागत नाही. काम दुप्पट, किंमतही तशीच. एक सावधगिरी: स्वस्त पीयू सोलच्या कडेला टाक्यांची नुसती नक्षी साच्यातच उठवलेली असते. नखाने टाका हलवून पाहा; खरा दोरा असेल तर कळतो.

‘न वापरताच सोलचा भुगा झाला, ही फसवणूकच ना?’

लग्नात घातलेले बूट खोक्यात ठेवले, चार वर्षांनी काढले आणि दहा पावलांत सोलचे तुकडे अंगणभर झाले, ही तक्रार गोव्यात घरोघरी ऐकू येते. दोष बहुतेक वेळा पीयूचा असतो. पीयूचा एक मोठा प्रकार, पॉलिएस्टर जातीचा, हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो. रसायनशास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा जितके जास्त, तितका वेग जास्त. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसच्या दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. पुण्याच्या कपाटात तग धरणारा सोल म्हापशाच्या कपाटात आधी जातो. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवला तर आत अडकलेला ओलावा हेच काम आणखी वेगाने करतो.

पॉलिइथर जातीचा पीयू किंवा रबरी सोल असा भुगा होत नाही. खोक्यावर जात लिहिलेली क्वचितच असते, पण उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते. पीयू सोलचा, दोन-तीन वर्षे गोदामात पडलेला जोड सवलतीत मिळतोय म्हणून घेऊ नका.

‘इलॅस्टिक सैल पडणारच, मग लेसचा बूट काय वाईट?’

सैल पडणार हे खरे. रबर हवेतल्या प्राणवायूने, उन्हाने आणि तेलाने मरते. आपल्याकडे चामड्याला खोबरेल तेल चोळायची सवय आहे; तेल पट्टीपर्यंत गेले की रबर फुगते आणि परतण्याची ताकद घालवून बसते. पॉलिश करताना पट्टीवर कागद धरा. ओला बूट उन्हात ठेवू नका: चामडे तडकते आणि रबरही. वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवा, बोळे दोनदा बदला. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसा.

लेसपेक्षा हा बूट कुठे सरस, तर जिथे पाय झटकन बाहेर काढावा लागतो. हॉटेलच्या स्वयंपाकघरात उकळते तेल बुटावर सांडले तर लेस सोडायला वेळ नसतो. वेल्डिंगच्या ठिणग्या लेसच्या गाठीत आणि जिभेच्या फटीत अडकतात. चेल्सीवरून त्या घरंगळतात. मात्र उघडी पट्टी ठिणगीने जळतेच, म्हणून अशा कामासाठी पट्टीवर चामड्याची झडप असलेला बूट घ्यावा. देवळात, घरात शिरताना पंचवीस वेळा बूट काढणाऱ्यांना आणखी वेगळे सांगायला नको.

ज्यांचे पाय संध्याकाळी सुजतात, त्यांनी मात्र विचार करून घ्यावा. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असेल तर पट्टीचा वळ कळतही नाही. त्यांना सैल करता येणारा बूटच बरा.

दुकानात उभे असताना

संध्याकाळी जा, पाय तेव्हा मोठा असतो. बूट घालताना उंचवट्यावर थोडा अडखळला पाहिजे आणि मग टाच आवाज करत बसली पाहिजे. सहज घसरत आत गेला तर तो मोठा आहे. टाच सुरुवातीला अर्धा सेंटिमीटर उचलली तर चालते, सोल वाकायला लागला की हे उचलणे कमी होते. उंचवट्यावर चामडे मोकळे असेल तर ते कधीच कमी होत नाही. चामडे रुंदीला थोडे सैल होते, लांबीला नाही, म्हणून बोटे पुढे टेकत असतील तर ‘सैल होईल’ यावर विश्वास ठेवू नका. पट्टी दोन बोटांनी ताणून सोडा: ती लगेच आणि पूर्ण परतली पाहिजे.

पट्टी पुढेमागे मेलीच, तर बूट टाकायची गरज नाही. लांब हाताचे शिलाई यंत्र असलेला मोची ती बदलून देतो. शिंप्याच्या सपाट यंत्रावर बुटाच्या आत पोहोचता येत नाही. मोच्याला तीन गोष्टी सांगा. नवी पट्टी जुनीच्या मापाने कापू नको, जुनी ताणून रुंद झालेली असते. बुटात कागद भरून चामड्याच्या दोन कडांमधले अंतर मोज आणि त्यावर शिवणीची कड धर. दोन्ही बाजू एकदम बदल, नाहीतर बूट एकीकडे ओढतो. आणि शक्यतो जुन्याच भोकांतून नायलॉनच्या दोऱ्याने शिव. सुती दोरा पावसाळ्यात आतून कुजतो.